पोलादपूरचे घर, जीप आणि कधीच न उघडलेले बॉनेट

मी, तुळजाबाई भागोजी उतेकर, वय बहात्तर, राहणार पोलादपूर, माझ्या मिळकतीची व्यवस्था आज स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या पश्चात "म्हातारीला चळ लागला होता" असे कोणीतरी म्हणणारच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

१. माझे यजमान कै. भागोजी यांची जीप. आम्ही तीत प्रवासी नेत असू. तिने संसार चालवला आणि जीवही खाल्ला. कशेडी घाट चढायचा तर खाली रेडिएटरात पाणी, अर्ध्यात पुन्हा पाणी. हँडब्रेक धरत नसे, म्हणून गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावणे हे माझे काम. पण बिघडण्याआधी ती कुरकुरायची, आणि यजमान रोज सकाळी बॉनेट उघडून तिचे ऐकून घ्यायचे. जीप आणि दासगावची जमीन मुलगी प्रियदर्शिनीला द्यावी. तीही पोटात काही ठेवत नाही, माझ्याशी भांडते. भांडणारे माणूस निदान कळते तरी.

२. हत्यारांची पेटी महाडच्या येसाजी मिस्त्रीला द्यावी. त्याने एकदा नवी क्लचप्लेट सांगून जुनीच परत बसवली. मला संशय होताच, म्हणून जुनीवर मी आधी खिळ्याने ओरखडा काढून ठेवला होता. पेटीतल्या प्रत्येक पान्यावरही ओरखडा आहे, हे त्याला सांगावे. तरी पेटी त्यालाच, कारण बोलावले की तो यायचा.

३. राहते घर. मुलगा यशराज ठाण्याला असतो. त्याची गाडी नवी. "आई, आताच्या गाड्यांना काय लागत नाय," तो म्हणतो, "सर्व्हिसिंग कधी करायची ते पण गाडीच मोबाईलवर सांगते." खोटे कशाला बोलू, ती कधी बंद पडलेली मी पाहिली नाही. कशेडीच्या नव्या बोगद्यातून सुसाट जाते, पाण्याला थांबत नाही. एकदा म्हटले, बॉनेट उघडून दाखव. कुठून उघडते तेच त्याला सापडेना. न कुरकुरणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही. आत काय चालले आहे ते कळायचे कसे?

गेल्या शिमग्याला शेजारच्या सारिकाने त्याला माझ्या तब्येतीचे विचारले. तो म्हणाला, "आईचं काय नाय गो, एकदम ठणठणीत हाय. तिला काय लागत नाय." मी आत चहा गाळत होते. छातीच्या दुखण्याची गोळी तेव्हा चालू होती. मी सांगितले नव्हते हे खरे, पण त्यानेही कधी विचारले नव्हते. मला फार वाईट वाटले.

तरीही घर यशराजलाच द्यावे. माझा जीव त्याच्यातच आहे.

४. साक्षीदारांनी यातला शब्दही बाहेर काढू नये. सारिकाचे तोंड मोकळे, म्हणून तिच्याकडून शपथ दोनदा घेतली आहे. घर आपले आहे हे यशराजला कळले आणि तो वरचेवर येऊ लागला, तर तो घरासाठी येतो की माझ्यासाठी, या संशयाने मला झोप लागणार नाही. काही ठाऊक नसताना एकदा जरी आला, तरी तो माझ्यासाठीच आला असे मी समजेन.

सही : तुळजाबाई भागोजी उतेकर

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली :
१. सौ. सारिका सहदेव कळंबे
२. डॉ. हर्षद साळुंखे

पोलादपूर, १२ ऑगस्ट २०२५