बाबांचं पंपिंग

४ जानेवारी

आज ऑफिसच्या यादीत बाबा निघाले. माझे सासरे. यादीत नावं झाकलेली असतात, पण वय, पेसमेकर कधी बसवला, कुठला बसवला – घरातल्या माणसाला ओळखायला कितीसा वेळ लागतो! समोर लाल खूण.

आमचा प्रोग्राम ईसीजी वाचून सांगतो, पेसमेकर बसवलेल्यांपैकी कुणाचं हृदय पुढे ढेपाळेल. पेसमेकर हृदयाच्या उजव्या बाजूला आधी ढकलतो, डावी मागून फरफटत येते. बहुतेकांना चालतं. काहींचं हृदय त्यातच थकून जातं. ऑफिसात प्रोग्रामला सगळे ‘भविष्यवाला’ म्हणतात.

बाबांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, उत्तम आहे. पंपिंग अठ्ठावन्न टक्के, निरोगी माणसाइतकं. भविष्यवाला चुकतोही.

५ जानेवारी

बाबांच्या डॉक्टरांना गाठलं. “इको चांगला असताना मी हात लावणार नाही. वर्षाऐवजी तीन महिन्यांनी बघू. दम लागला तर मात्र लगेच आणा.”

म्हणजे घरी सांगावं लागणार.

६ जानेवारी

नवरा म्हणाला, “सांगू नकोस. धडधाकट माणूस आहे, उगाच डोक्याला भुंगा लावशील.”

जेवताना सांगितलं. बाबांनी जन्मभर बस चालवली. “म्हणजे गाडी बंद पडलेली नाही, पण पडणार?”

“पडेलच असं नाही, बाबा.”

“मग सांगितलंस कशाला?”

मी पातेल्याचं झाकण काढलं. तेच हसले. “बरं, भाजी वाढ.”

१० फेब्रुवारी

विशेष काही नाही. बाबा रोज सकाळी तळ्यापर्यंत जाऊन येतात; सासूबाई गेल्यापासून एकटेच.

१७ मार्च

तळ्यापर्यंत जाणं बंद. आता फाटकापर्यंतच. तिथून परत येऊन खुर्चीत बसतात, पेपर उघडा, पान उलटत नाहीत.

“जीव भितो गं,” म्हणाले.

मग नवरा स्वयंपाकघरात येऊन हळूच – “झालं समाधान?” मी भांडी विसळत राहिले. त्याचं खरंच होतं. आजाराच्या आधी आजाराची भीती आली, आणि ती मी आणली.

६ एप्रिल

इकोची तारीख. “आज नको, गुडघा धरलाय.”

१३ एप्रिल

आज पोट बिघडलंय म्हणे. सकाळी दोन पोळ्या ताटात तशाच होत्या.

१५ एप्रिल

विचारलंच नाही. टॅक्सी दारात उभी केली आणि चपला पुढे ठेवल्या. मुकाट्याने आले.

इकोवाली मुलगी आधी गप्पा मारत होती. मग पुन्हा जेल लावलं, पुन्हा मोजलं. अडतीस टक्के.

डॉक्टरांनी सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला.

“दम लागतो का?”

“छे!”

आडवं पडवत नव्हतं त्यांना. उशांना टेकून बसले होते – आणि म्हणे छे!

ठरलं. डाव्या बाजूला आणखी एक तार बसवायची, म्हणजे दोन्ही बाजू एकदम आकुंचन पावतील. बाबांनी हो-नाही काहीच केलं नाही. सही नवऱ्याने केली. बाहेर आल्यावर म्हणाला, “तू म्हणत होतीस ते...” वाक्य पुरं केलं नाही. बरंच झालं. बरोबर निघाल्याचा आनंद झाला असता तर मलाच माझी किळस आली असती.

२२ एप्रिल

ऑपरेशन झालं. तार पहिल्या जागी नीट बसेना, दुसरीकडे बसवली. सुखरूप.

३० जुलै

पंपिंग एकावन्न! डॉक्टर खूश. आमच्या प्रमुख बाई तर म्हणाल्या, पुढच्या बैठकीत ही केस दाखवू या – नाव न घेता.

१ ऑगस्ट

बाबांना बैठकीचं सांगितलं. म्हटलं, तुमची हरकत नसेल तरच.

“दाखव की. पण मग खरं दाखव,” म्हणाले. “भीतीने नाही थांबलो मी. मार्चातच दम लागत होता. जीव भितो म्हटलं, तुम्हा सगळ्यांना पटलं; मी म्हटलं, बरं निमित्त सापडलं.”

“पण का, बाबा?”

“तुझ्या सासूबाई गेल्यापासून वाटायचं, आता पुरे. आपणहून होतंय तर होऊ दे.”

मी विचारलं, “आणि आता?”

“आता परत भूक लागते. त्याचीच लाज वाटते.”