विहिरीवरची हाक

मंगळवार, संध्याकाळ. सुरत.

विहिरीची मोटर मोबाइलवरून चालवायचा एक प्रोग्राम आहे, कोणीही सुधारू शकतो असा. त्यात माझी पहिली दुरुस्ती काल प्रोग्रामवाल्यांनी घेतली. आठवी नापास माणसाची! लाईट आली की बटन न दाबता मोटर आपोआप चालू. गावी सोनाळ्याला भावालाही खुशीत तीच मोबाइलमध्ये टाकायला लावली. नीट समजावलं मात्र नाही. काऊन नाही समजावलं?

आज भावाचा फोन. दुपारी लाईट गेली म्हणून तो विहिरीत उतरून मोटरचा गाळ काढत होता.

"तू वरून हाक मारली, 'भाऊ, वर ये.' म्हून निंगालो. काठावर आलो अन् लाईट आली, मोटर सुरू झाली बे! पाण्यात असतो त मेलो असतो. पण तू लपून काऊन राह्यला?"

मी सुरतेतच आहे म्हटलं. तो हसला. "अबे, तुहा आवाज मले समजत नाही का?"

प्रोग्रामवाल्यांना लगेच लिहिलं, माझी दुरुस्ती काढा. प्रोग्राममधून माझं नाव जाईल तर जाऊ दे. पण हाक कोणाची?

आत्ता सलीम, कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवरचा, जेवता जेवता विचारतो, "काय बे, दुपारी भाऊ भाऊ करून कोणाले वर बोलावून राह्यला होता?"

मला काहीच आठवत नाही.