ओव्हनचे अ‍ॅम्पिअर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ९
अनसूयाला नाशिकला जाऊन आठ दिवस झाले. स्वरालीकडं गेली आहे. मुलीकडं आई जातेच. सोबत ओव्हन नेला, एवढंच जरा वेगळं.
घर शांत आहे. बरं वाटतं.
भांडण झालं असं म्हणणार नाही. मतभेद. ती केक-नानकटाईच्या ऑर्डरी घेते. सकाळी तिनं ओव्हन लावला की बोर्डावरचा खटका, ती एमसीबी, पडते, आणि अंगाला साबण लावलेला असताना माझा गिझर बंद. मी म्हणालो, हे घर आहे, बेकरी नाही. तिनं स्वरालीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी जावई, इंद्रजीतराव, गाडी घेऊन आले.
संकल्प: दोष ओव्हनचा, हे गणितानं सिद्ध करायचं. बत्तीस वर्षं वैजापूर तालुक्यात जमीन मोजणी केली. भाऊ-भाऊ काठ्या घेऊन बांधावर उभे असायचे, मी साखळी टाकली की गप्प. करंट मोजायला असं काय लागतं?

४ नोव्हेंबर
औरंगपुऱ्यातून दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. दुकानदारानं विचारलं, नातवासाठी का? हो म्हणालो. नातू नाही अजून.
व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. संपलं. एवढ्यासाठी लोक इंजिनिअर होतात!

६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
ओव्हनचं रिकामं खोकं राहिलं आहे. त्यावर १४०० वॅट. आपल्याकडं २३० व्होल्ट. पॉवरला व्होल्टेजनं भागलं की करंट. उत्तर ६०.९ अ‍ॅम्पिअर! आमची एमसीबी सोळाची. पडणार नाही तर काय करणार बिचारी. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.
५.२० – सगळ्यांनी वाचलं. पटलेलं दिसतं.
६.०५ – इंद्रजीतराव: बाबा, टिंब एक घर पुढं गेलं. ६.१. पुढं हात जोडलेले.
टिंब चुकलं नव्हतं. घाईत लिहिलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज रोध काढला. २३० भागिले ६.१. स्वरालीला फोनवर सांगितलं, तुझ्या आईच्या ओव्हनचा रोध ३७.७ ओहम. ती म्हणाली, "आणि तुमचा किती, बाबा?" रेंज गेल्यासारखं केलं.
अनसूया फोनवर आली नाही. हाताला पीठ लागलं होतं म्हणे. परवाही पीठच होतं.

११ नोव्हेंबर, सकाळी ८.१५
एमसीबी पडली. ओव्हन नाशिकला, एमसीबी इथं. थंडीमुळं असावं.

१२ नोव्हेंबर
परत पडली. गिझर चालू, चहाची किटली चालू, वाफेची इस्त्री चालू. शर्टाला इस्त्री रोज करतो, आंघोळीला जाताना तापत ठेवतो. कुठं जायचं नसलं म्हणून काय झालं.
कडुबा वायरमनला फोन केला.

१३ नोव्हेंबर
कडुबा आला. मूळचा सिल्लोडकडचा. तिन्ही वस्तू चालू करायला लावल्या आणि वायरीला चिमट्यासारखा मीटर लावला. २३.९.
म्हणाला, "काका, ओव्हन कुठंय?"
म्हटलं, नाशिकला.
"मग त्यो सुटला. गिझर दोन हजार, इस्त्री दोन हजार, किटली दीड हजार. साडेपाच हजार भागिले दोनशे तीस. तुमचं तुम्हीच पाडायलाव की."
मी विचारलं, नुसता गिझर आणि ओव्हन असता तर? त्यानं तोंडी हिशोब केला. १४.८. "चालतंय. काकू मागंच म्हणल्या होत्या, इस्त्री जरा थांबून करा म्हणलं तर ऐकत नाय."
चहा घेऊन जा म्हणालो. नको म्हणाला, पुढं दोन घरं होती. मग मी अर्थिंगबद्दल तीन प्रश्न विचारले. त्यानं दारात चप्पल घालता घालता उत्तरं दिली.

१४ नोव्हेंबर
अनसूयाला मेसेज. तीन खर्डे फाडले. चौथा पाठवला: "मोजणीअंती असं आढळलं की गिझर व ओव्हन (एकूण १४.८ अ‍ॅम्पिअर) एकत्र चालू शकतात. इस्त्री यापुढे दुपारी. सबब परत येण्यास तांत्रिक अडचण राहिलेली नाही."
सॉरी लिहिलं नाही. आकडे पुरेसे बोलके आहेत.
तिची गादी उन्हात टाकली.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११
तिचा फोन आला. स्वतःहून! आधी विचारलं, जेवायला काय करता. मी म्हणालो, सगळं करतो. मग म्हणाली, "अहो, ते १४.८ मला माहीत होतं. तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."
म्हटलं, मग ये आता.
तिनं कुणाला तरी ट्रे बाहेर काढायला सांगितलं. मागं बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मग म्हणाली, "इथं इंद्रजीतरावांनी ओव्हनसाठी वेगळी लाइन ओढून दिली. दोघीजणी मदतीला येतात. फेब्रुवारीपर्यंत ऑर्डरी आहेत. माळ्यावर माझे केकचे साचे आहेत, तेवढे बसनं पाठवा."
साचे मागवले. म्हणजे काम लवकर उरकून यायचा विचार दिसतो.

१७ नोव्हेंबर
माळ्यावर चढलो. साचे अकरा. एकेक पेपरात गुंडाळला. इतके होते हे माहीत नव्हतं.

१८ नोव्हेंबर, दुपारी
सिडको बसस्टँड. पार्सलवाल्यानं खोकं उचलून पाहिलं, हलकं होतं. म्हणाला, "काका, तुम्हीच घेऊन जा ना. नाशिक गाडी लागलेलीच आहे, सीटपण रिकामी."
घरी कामं आहेत म्हणालो. बस वळेपर्यंत थांबलो.
घरी आलो तेव्हा पावणेतीन. कामांची यादी करायला वही घेतली. क्रमांक १ लिहिला. पुढं काही सुचलं नाही.