सैल होत गेलेली झबली

आदरणीय व्याहीबुवांना तुमच्या जावयाच्या बापाचा, म्हणजे या शिंप्याचा, मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? (थोडक्यात कळवा. मागच्या खेपेस दोन पानं आली होती.) विहीणबाईंचं बीपी ताळ्यावर असेलच.

बाळाच्या ऑपरेशननंतर सूनबाई त्याला घेऊन तुमच्याकडे आली, बरंच झालं. पण तुमच्या कानावर काय काय आलं असेल कुणास ठाऊक, म्हणून माझ्याच तोंडून ऐका. महिन्याचं पोर दूध प्यायचं आणि पिचकारीसारखं लांब उडवायचं (एकदा तर गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटावर, त्याने शिलाईत सूट मागितली), आणि लगेच पुन्हा भुकेने टाहो फोडायचं. सूनबाई म्हणाली, बाबा, हे नेहमीचं ओकणं नाही. मी हसून म्हटलं, आमच्या घरातली पोरं ओकूनच बाळसं धरतात. ते हसणंच आता सलतं.

पुढचं सांगायची तर लाज वाटते. बाळाची झबली मीच शिवलेली. ती सैल व्हायला लागली. आता कपडा सैल झाला की शिंपी काय म्हणणार? कापड ताणलं. मी शिवण आत घेतली. पुन्हा सैल, पुन्हा आत घेतली, आणि कापडवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण पोर आटतंय हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शेवटी सूनबाईच त्याला उचलून बाळांच्या डॉक्टरबाईंकडे निघाली, मागून मी छत्री धरून (ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता). बाईंनी त्याला दूध पाजायला लावलं आणि तो निवांत पीत असताना पोट चाचपलं. बेंबीच्या वर, जरा उजवीकडे, कोटाच्या बटणाएवढी गाठ लागली. मग सोनोग्राफी. जठराच्या तोंडाशी स्नायू जाड होऊन वाट बंद झालेली, दूध पुढे जाणार कुठून? आधी सलाईन लावून अंगातलं पाणी भरून काढलं, मग ऑपरेशन. आईने वेळेत आणलं म्हणून बरं, असं बाई म्हणाल्या. मी तेव्हा पंख्याकडे बघत होतो.

आपला,
व्याही

ता. क. तिला परत धाडायची मुळीच घाई नाही. हवं तितकं राहू द्या.

आणखी एक. घाई आहे.

शेवटचं. हे पत्र खरं तर तिलाच द्या. जाताना ती मला एवढंच म्हणाली, बाबा, वेळेवर जेवा. एका शब्दाने बोल लावला नाही हो. तिला म्हणावं, एकदा फोन कर आणि माझी चांगली खरडपट्टी काढ. त्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.