गेटपासवरचं अक्षर

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी रडायला लागते, म्हणून लिहितेय. हे शनिवारी दुपारी पोचेल, तेव्हा भावोजी कारखान्यात असतील. एकटीच वाच, आणि अर्ध्यावर सोडू नकोस.

सोमवारी माझ्या अर्जाची सुनावणी आहे. वकीलबाईंनी चार वेळा समजावलं तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. खटला उभा राहण्याआधीच विचारायचं, की या बाईवर खटला चालवण्याइतकं काही आहे का? नसेल तर तिला आत्ताच मोकळं करा. त्यासाठी न्यायाधीश फक्त पोलिसांचे कागद बघतात. त्या कागदांत माझी सही सोडली तर काही नाही. भंगार म्हणून तांब्याची नवी तार बाहेर गेली, हे मला ठाऊक होतं असं कुठेच दिसत नाही. मी फक्त गप्प उभं राहायचं. मला गप्प बसायला सांगणाऱ्या पुष्कळ झाल्या, तू त्यात पहिली. पण फी घेऊन सांगणारी हीच.

निलंबनाला आठ महिने झाले. समोरची बाई मला बघून जिन्यातून मागे फिरते. तू मात्र सगळ्या नातेवाइकांना ठणकावलंस, की माझी बहीण परक्याची टाचणीसुद्धा उचलणार नाही. टाचणी नाही गं उचलली. पण मी गाढवपणा केला होता. आमचं स्टोअर पुढच्या फाटकाशी, वजनकाटा पार मागे. दर गाडीला सहीसाठी कोण चालत येणार? म्हणून मी सकाळीच दहा-बारा कोऱ्या गेटपासवर सह्या करून काट्यावर ठेवायचे. माझ्या आधीची स्टोअरकीपरही तेच करायची. गाडी आली की काटेवाला वजन सांगायचा आणि जवळ जो असेल तो गेटपास भरायचा.

जवळ जो असेल तो, कारण काटेवाल्याला लिहिता येत नाही. आकडे वाचतो, सही गिरवतो, बस्स. नोकरी जाईल म्हणून त्याने हे साहेबांपासून लपवलं आणि आम्ही सगळ्यांनी त्याला सांभाळून घेतलं. आता पोलीस म्हणतात, सही माझी, मजकूर त्याचा, दोघांनी मिळून माल काढला. आणि या शहाण्याने तोंडातून ब्र काढलेला नाही, स्वतःच्या वकिलापुढेसुद्धा! त्याच्या दोन्ही मुली शाळेत हुशार आहेत, रोज संध्याकाळी त्याला धडे वाचून दाखवतात आणि हा मान डोलावतो. चोर म्हणवून घेईल, पण त्यांच्यापुढे अंगठेबहाद्दर ठरणार नाही. गेल्या तारखेला कोर्टाच्या बाकावर मी त्याला म्हटलं, बाबा रे, सांगून टाक. तो चपलेकडे बघत बसला. मला त्याचा इतका राग आला, की मी उठून दुसऱ्या बाकावर गेले.

राग खरं तर माझा मलाच आला होता. कारण गेटपास कुणी भरले हे मला माहीत आहे. दोषारोपपत्राच्या प्रती हातात पडल्या तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट पाहिले. ताई, तूही ते अक्षर बघताक्षणी ओळखशील. तुझ्या लेकीच्या लग्नपत्रिकांची दोनशे पाकिटं त्याच अक्षरात लिहिली होती आणि आपण दोघी कौतुक करत बसलो होतो. रवानगी खात्याचे प्रमुख म्हणून भावोजी काट्यावर यायचेच, त्यात कुणाला काय वाटणार? मला ही नोकरीही त्यांनीच लावून दिली. तीन आठवडे हे मी वकीलबाई सोडून कुणालाही न सांगता गिळून बसले आहे. गप्प राहिले तर सोमवारी सुटते. बोलले तर वकीलबाई म्हणतात, मेहुण्या-मेहुणीचं संगनमत म्हणतील आणि अर्ज गेलाच म्हणून समजा. पण मी सुटले की काटेवाला एकटा उरतो, आणि तो कधीच बोलणार नाही. म्हणून सोमवारी मी बोलणार आहे. तुझ्या संसारावर धोंडा माझ्या हातून पडतोय. माफ कर म्हणायलाही जीभ रेटत नाही. फक्त हे तुला पोलिसांच्या तोंडून कळू नये, एवढं मला करता येत होतं. मध्ये रविवार आहे. भावोजींना समोर बसवून विचार. ते स्वतःहून चौकीत गेले, तर निदान तुझ्या बहिणीने त्यांना धरून दिलं असं होणार नाही.

तुझीच,
धाकटी