भूमितीच्या टेपमधली आई

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कमरेपर्यंत प्रत्यक्ष, त्याखाली मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? गॅलरीतली कबुतरं गेली, की आता त्यांनीच तुम्हाला पोटभाडेकरू म्हणून ठेवून घेतलंय? इकडे आई ठणठणीत आहे. काल तिने दोन वेळा मला आळशी म्हटलं, म्हणजे तब्येत उत्तमच. बाकी चौकशा मी केल्या असं समज आणि उत्तरंही दिलीस असं समज, कारण मला पुढचं सांगायची इतकी घाई झाली आहे की पेन पुढे पळतंय आणि अक्षर मागे राहतंय. हे अक्षर शाळेतल्या आपल्या सिस्टरनी पाहिलं असतं तर या वयात मला पुन्हा चार रेघी वही गिरवायला बसवलं असतं.

ताई, टेप सापडली! आईची टेप!

आता थांब. शेवटचं पान आधी उघडू नकोस. कादंबऱ्यांचं तू तसं करतेस आणि मग मलाही खुनी कोण ते सांगून मोकळी होतेस. हे पत्र तरी सरळ वाच.

एकोणीस वर्षांपूर्वीची ती दुपार तुला माझ्याइतकीच आठवते, पण मला पुन्हा सांगायचा मोह आवरत नाही. बायकांच्या कार्यक्रमात आई सात मिनिटं रफू करून दाखवणार होती, आमच्याकडे नवा रंगीत टीव्ही, म्हणून सगळी बिल्डिंग बाहेरच्या खोलीत. आमचे हे व्हीसीआरपाशी बटणावर बोट ठेवून बसले होते (मध्ये जाहिरात आली की थांबवायचं, टेप वाया घालवायची नाही, हा त्यांचा शिरस्ता). आणि शेवटच्या टाक्यांसाठी पुन्हा सुई ओवता ओवता आई म्हणाली, ‘‘माझ्यापेक्षा बारीक रफू करणारं माणूस आमच्याच घरात आहे.’’ निवेदिकेने विचारलं, ‘‘कोण हो?’’ आणि तेवढ्यात ज्या टीपॉयवर मागचे तिघं बसले होते ते टीपॉय मोडलं. तिघांना उचलून उभं करेपर्यंत आई नमस्कार करून गेलेली होती. हे म्हणाले, रेकॉर्डिंग काही झालंच नाही, वायर निघाली होती. झालं! तेव्हापासून तुझा-माझा खटला चालू आहे. तुझी बाजू अशी की शाळेत शिवणकामाचं बक्षीस तुला मिळालं. माझी बाजू अशी की त्या रुमालाची निम्मी किनार मी घातली होती. आणि आपली एकमेव साक्षीदार कशी, तर तू इथे असलीस की ‘मोठीबद्दलच बोलले होते’ म्हणते, तू परत गेलीस की ‘अगं, तुझ्याबद्दल,’ आणि दोघी समोर बसलो की तिला ऐकू येत नाही.

हे गेल्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. त्यांचं कपाट मी आत्ता कुठे उघडलं. खालच्या कप्प्यात अकरा टेपा, प्रत्येकीवर त्यांच्या नकाशे काढणाऱ्या हातचं ते मोत्यासारखं अक्षर. सामने, बातम्या, सर्कस, आणि एकीवर ‘भूमिती, इयत्ता नववी, भाग दोन’. टेपा किती दिवस टिकणार? काहींवर आत्ताच पांढरी बुरशी धरलेली. म्हणून सगळं गाठोडं घेऊन खालच्या मजल्यावरच्या टायपिंगबाईंकडे गेले. टायपिंगचा क्लास बंद पडल्यावर त्या रडत बसल्या नाहीत, संगणक शिकल्या, आणि हल्ली टीव्हीवरून उतरवून ठेवलेल्या लोकांच्या जुन्या टेपा संगणकात घेऊन त्यांच्या डिस्क करून देतात. चष्मा नाकाच्या टोकावर, पाठ ताठ, आणि माउस असा धरतात की त्याने पळायचा विचारही करू नये.

भूमितीची टेप बघून त्या म्हणाल्या, ‘‘ही कोणाला हवीय? टाका.’’ मी टाकणारही होते, ताई! आपल्या दोघींना भूमितीचं किती प्रेम ते तुला माहीत आहेच. पण अर्धा कोरा कागदसुद्धा फेकायचा नाही, ही सिस्टरची शिकवण हाडात भिनलेली. म्हटलं, लावून तर बघू. दहा मिनिटं एक मास्तर वर्तुळ काढत होते. त्यांनी स्पर्शिका काढायला घेतली, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मुंग्यांतून आई! निळं पोलकं, तोंडात दोरा, केस अजून निम्मे काळे. मी किंचाळले आणि टेप तिथेच थांबवायला लावली, उरलेलं आईला शेजारी बसवूनच बघायचं म्हणून. टायपिंगबाईंनी न बघता माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. (जुन्या टेपा बघताना लोक किंचाळतात, त्यांना सवय आहे.)

वायरी जोडायचं काम मी हट्टाने माझ्याकडे घेतलं. पिवळी वायर लावली, चित्र आलं, मी खूश. पांढरी आणि लाल लोंबत होत्या त्या तशाच राहू दिल्या, कारण लाल रंग दिसला की मी आपणहून लांब राहते. आता, एका तासाचं चित्र संगणकात शिरलं की हत्तीएवढं होतं, आणि डिस्क असते उंदराच्या बिळाएवढी, म्हणून ते दाबून बसवावं लागतं. किती दाबायचं ते आपण सांगायचं. मी म्हटलं, अकराच्या अकरा एकाच डिस्कवर बसवा. टायपिंगबाई म्हणाल्या, ‘‘अहो, गादी दाबून ट्रंकेत बसेल, खोली नाही बसणार.’’ पण मी बधले नाही. संगणक दोन दिवस धापा टाकत होता.

मग मोठ्या थाटात आईला खुर्चीत बसवून ती डिस्क लावली. पहिलं म्हणजे आवाजच नाही! (लाल आणि पांढरी वायर म्हणजे आवाज. आता कळलं.) दुसरं त्याहून भारी. इतकं दाबायचं म्हणजे मशीन बारीकसारीक गोष्टी गाळून टाकतं, आजूबाजूचाच रंग तिथे फासतं आणि पुढे जातं. तपकिरी स्वेटरच्या बाहीला एक इवलंसं भोक, ते मशीनने आईच्या आधीच बुजवून टाकलं. आई पाच-सहा मिनिटं एका धडधाकट स्वेटरला जीव तोडून शिवते आहे! आई चष्मा पुसून परत बघत म्हणाली, ‘‘मला काय वेड लागलं होतं? चांगल्या स्वेटरला सुई कशाला लावेन मी?’’ मी विचारलं, इथे तू काय बोलते आहेस? त्यावर साक्षीदार म्हणते, ‘‘आवाज नाही तर मला कसं कळणार?’’

पुन्हा खाली. या वेळी तिन्ही वायरी. टेप लावली, मास्तरांचं वर्तुळ झालं, आणि स्पर्शिकेपाशी व्हीसीआरने टेप खाल्ली. अक्षरशः चावली गं! आतून असा आवाज आला, जसं कोणी कडक पापुद्रा चुरगळतंय. उघडून बघितलं तर वीतभर पट्टी चुरमडून चाकांत अडकलेली आणि एका जागी तुटलेली. मी तिथेच फरशीवर बसले. एकोणीस वर्षांनी आई सापडली आणि मी तिला दोन दिवसांत मशीनच्या तोंडी दिली. तुला काय तोंड दाखवणार होते मी? तू म्हणाली असतीस, हरणार होतीस म्हणून मुद्दाम केलंस.

पण टायपिंगबाईंनी चाळीस वर्षं टाइपरायटरच्या रिबिनी गुंडाळल्या आहेत. ‘‘उठा, टॉर्च धरा,’’ एवढंच बोलल्या. सुती हातमोजे घातले, चिमट्याने पट्टी सोडवली, चुरमडलेला भाग कापला, दोन टोकं काचेवर जुळवून मागून चिकटपट्टी लावली, आणि पेन्सिलीने चाक फिरवत टेप ताणून बसवली. मी टॉर्च धरून श्वास रोखून उभी. त्या म्हणाल्या, श्वास घ्या, प्रकाश हलतोय. एकूण पाच-सहा सेकंदं गेली असतील, तीही मास्तरांची. स्पर्शिका वर्तुळाला आता कधीच टेकत नाही, पण त्याचं दुःख करणारं आपल्या घरात कोणी नाही.

आणि ताई, सगळं आलं! चित्र आलं, आवाज आला, भोकही आलं! या वेळी मी शहाणी झाले, आईला एकटीला अख्खी डिस्क दिली, पाय पसरून बसू दे म्हटलं. तीच डिस्क सोबत पाठवते आहे. आईचा तो आवाज ऐक, थोडा घाबरलेला, थोडा आपल्याला शिस्त लावतानाचा. रुमाल जवळ ठेव. ‘‘कोण हो?’’चं उत्तर अगदी स्वच्छ ऐकू येतं. निकाल मी लिहिणार नाही. कानांनीच ऐक.

भाऊजींना नमस्कार, कबुतरांना ताकीद.

तुझी,
चिमी

ता. क. – लिहिणार नाही म्हटलं खरं, पण तुमचा प्लेअर डिस्क गिळून बसतो, परत देत नाही. म्हणून लिहिते. आपण दोघीही हरलो. आई म्हणते, ‘‘धाकटे जावई. नकाशे काढतात ते. त्यांचं रफू उलट्या बाजूनेही दिसत नाही.’’ निवेदिका हसते आणि तिथेच रेकॉर्डिंग खट्‌कन बंद होतं. टीपॉय पडलं तेव्हा आपण सगळे मागे बघत होतो. हे एकटे पुढे बघत होते.

ता. क. २ – आईला विचारलं. जराही ओशाळली नाही. माझ्या बाळंतपणात तीन महिने ती आमच्याकडे होती, तेव्हा मी झोपलेली असताना हे स्वयंपाकघरात बसून शिकले म्हणे. ऑफिसातली माणसं टिंगल करतील म्हणून कोणाला सांगू नका म्हणाले होते. ‘‘टीव्हीवर तोंडून निघून गेलं माझ्या, तर जावई चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग मी शब्द दिला, पुन्हा नाव काढणार नाही. तुम्ही दोघी भांडत होता, भांडा म्हटलं.’’ बघ, सासू-जावई! टेप पुसवली नाही त्यांना, कारण तीत आई होती. म्हणून भूमितीच्या मागे ठेवली, तिथे आपण दोघी कधी फिरकणार नाही हे ओळखून. आणि आई येऊन गेली की घरातले सगळे कपडे धड झालेले असायचे, ते मला वाटायचं आईच करून जाते.

ता. क. ३ – खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं. त्यांचा राखी स्वेटर मी भाऊजींना दिला होता, तो परत पाठवशील का? मी नवा विणून देईन, त्यांना हव्या त्या रंगाचा. कालपासून मी घर उलथंपालथं केलंय. पडदे, चादरी, माझी शाल, सगळं खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, त्यांचं एकही रफू मला सापडत नाही. इतकं बारीक आहे. त्या स्वेटरचं डावं कोपर मात्र कपाटाच्या खिळ्याला अडकून फाटलं तेव्हा मी समोर होते. तिथे भोक कुठे होतं, ते मला नक्की माहीत आहे.