ठकीच्या पोटाचा तक्ता

३ जून
आजपासून रोजनिशी. ठकीला डिप्रेशन आहे हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्याला चार दिवस झाले. माझं रडून झालं (एकदाच, पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून). आता काम.

मुलगी सोळा वर्षांची. तीन आठवडे क्लास नाही, पोहणं नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी एक गोळी, दर गुरुवारी त्यांच्याच क्लिनिकमधल्या काउन्सेलर बाईंकडे पाऊण तास. शिवाय वेळेवर झोप, ऊन, थोडं चालणं आणि नीट खाणं, कारण पोटाचा आणि मनाचा काही संबंध असतो. बाकीचं मी नुसतं ऐकलं. 'पोट' म्हटल्यावर मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला.

बावीस वर्षं लिफ्ट तपासतोय. लिफ्ट अडकली की लोक आत बटणं दाबत बसतात. बिघाड असतो तळाशी, खड्ड्यात. ठकीचं तेच. तळ दुरुस्त करायचा. मुदत एक महिना. जास्तच धरली आहे.

६ जून
फ्रिजवर तक्ता लावला. रकाने: झोप, फायबर, दही, ऊन, चालणे, मूड (दहापैकी). बायकोने दोनदा वाचला आणि विचारलं, मूडचे मार्क कोण देणार? मी म्हणालो, मी. ती "बरं" म्हणाली. हे 'बरं' मला चांगलं ओळखता येतं, पण आज दुर्लक्ष केलं.

७ जून, सकाळी ६.१०
ठकीला चालायला उठवलं. "बाबा, प्लीज," एवढंच म्हणाली आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. प्रेमाने, समजावून, मग थोडं ओरडून पाहिलं. (ओरडलो नाही. आवाज चढला.) पहिल्याच दिवशी खाडा नको म्हणून एकटाच जाऊन आलो. तक्त्यात 'चालणे: ३५ मिनिटे' लिहिलं. कोण चाललं, असा रकाना नाही.

९ जून
घरातली बिस्किटं, नूडल्स, चॉकलेटचा डबा सगळं बाहेर. आत ओट्स, अक्रोड, जवस, केळी, दही. कपाट आता बघण्यासारखं दिसतं. ठकीने उघडलं, बघितलं, बंद केलं.

ऑफिसमध्ये क्रीमच्या बिस्किटांचा पुडा संपवला. माझ्या मूडचा इथे प्रश्न नाही.

१२ जून
कोबी चिरून, मीठ चोळून बरणीत आंबवायला घातली. इंटरनेटवर एक माणूस याचे गुण शपथेवर सांगतो. बरणी ओट्याखाली ठेवली आहे. वास येतो असं बायको म्हणते. जिवंत वस्तूला वास असायचाच.

१५ जून
यश! ठकीने अर्धी वाटी ओट्स खाल्ले. मूड: ७.
मी विचारलं, आवडले? ती म्हणाली, खाल्ल्याशिवाय तू समोरून उठणार नव्हतास. एका दमात इतके शब्द! आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य. ७ खोडून ८ केले.

१८ जून
नवीन नियम: रात्री नऊला फोन माझ्या ताब्यात. मी भांडणाच्या तयारीने गेलो होतो, मुद्दे काढून. तिने फोन मुकाट्याने हातात दिला. भांडली असती तर बरं झालं असतं. मुद्दे तसेच खिशात राहिले.

बायको म्हणाली, ती जगात एका मैत्रिणीशी बोलते, तेही नऊनंतर, आणि तू नेमकं तेच बंद केलंस. हे आधी कुणी सांगायला नको? म्हणे दोनदा सांगितलं होतं.

फोन परत दिला. साडेदहापर्यंत. मी तत्त्वाचा पक्का आहे, पण हेकट नाही.

२० जून
ओट्स नाही. दही नाही. अक्रोड ठकीच्या उशीखाली सापडले, अकरा. मी इतकं वाचतो, चिरतो, भिजवतो, मोजतो, आणि ही पोरगी! निदान प्रयत्न तरी करायचा. हे सगळं तिच्यासमोर बोललो. बोलायला नको होतं. पण खरं होतं.

२१ जून, गुरुवार
कोबी आज तयार. काउन्सेलर बाईंची वेळ नेमकी साडेपाचची, आणि पहिला घास साडेपाचलाच रिकाम्या पोटी द्यायचा ठरवला होता. शिवाय पाऊण तास नुसतं बोलून काय होतं? दोन आठवडे झालंच की बोलून. फोन करून वेळ पुढच्या गुरुवारवर ढकलली. बायकोला योग्य वेळ बघून सांगेन.

ठकीने कोबीचा वास घेतला आणि खोलीत गेली.

२२ जून
योग्य वेळ मी बघायच्या आत क्लिनिकचाच फोन आला, बायकोने उचलला. पुढचं लिहीत नाही. एवढंच लिहितो की माझ्या घरात मला कुणी अडाणी म्हटलेलं हे पहिल्यांदाच.

आवाज ऐकून ठकी बाहेर आली. हातात घडी केलेला कागद. म्हणाली, मला वाटलं काउन्सेलरलाच काही काम असेल म्हणून नाही गेलो. या वेळेस मला सांगायचं होतं काहीतरी. विसरेन म्हणून लिहून ठेवलं होतं. मी म्हणालो, मग मला सांग ना. ती म्हणाली, आता नको. मी म्हणालो, कागद तरी दे. तिने कागद चुरगळून मुठीत धरला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

२३ जून
दार बंद. सकाळी मी ट्रे ठेवला: ओट्स, दही, केळं, जवस पेरून. तसाच परत. दुपारी बायकोने दोन स्लाइस भाजून लोणी लावून ठेवले. पांढरा पाव! बशी रिकामी आली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला. थोडा रागही आला.

बायको संध्याकाळी दाराशी बसून होती. गोळी घेतलीस का, एवढंच विचारत होती. आतून 'हो' आलं की पुन्हा गप्प. ही काय पद्धत आहे?

२४ जून
कोबी वाया जाऊ नये आणि कुणीतरी घरात उदाहरण घालून द्यावं म्हणून अर्धी बरणी मीच संपवली. चव सवयीने लागेल. पोटात हालचाल जाणवते आहे. काम सुरू झालेलं दिसतं.

२५ जून
अक्षर वाईट येतंय. पहाटेपासून बाथरूममध्ये. बायको ड्यूटीवर. ऑफिसला फोन केला तर फोरमन म्हणाला, पोट? तुमचं? आणि हसला.

दहाच्या सुमारास बाहेर पावलं वाजली. ठकी. दोन दिवसांत पहिल्यांदा खोलीबाहेर. दार किलकिलं करून मीठ-साखरेच्या पाण्याचा ग्लास आत सरकवला आणि बाहेरच भिंतीला टेकून बसली. मी म्हणालो, ठकी, आज तरी नाश्ता... ती म्हणाली, बाबा, बोलू नकोस.

तासभर बोललो नाही. बोलण्याची ताकदच नव्हती. मग ती बाहेरून म्हणाली, "आता कसं वाटतंय तुला? म्हणजे, उठूच नये असं?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मला रोज सकाळी तसंच वाटतं. पोटात नाही. सगळीकडे."

मला शरीरात झिंक कमी पडण्याबद्दल सांगायचं होतं. पण कळ आली.

ती दुपारपर्यंत तिथेच बसून होती.

२६ जून
बरं वाटतंय. दुसऱ्या टप्प्याचा आराखडा करायला बसलो. बायकोने फ्रिजवरून तक्ता काढला, नीट घडी केली, माझ्या बॅगेत ठेवला. म्हणाली, गुरुवारी डॉक्टरीणबाईंना दाखव. तिला शेवटी महत्त्व पटलेलं दिसतं.

२८ जून, गुरुवार
तक्ता मांडला. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत होत्या. विचारलं, हे चालणं कोणाचं? म्हणालो, माझं. झोपेचे तास कसे मोजले? म्हणालो, दाराला कान लावून. हा मूड आठ? म्हणालो, अंदाज.

हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, दही द्या, फळं द्या, उन्हात न्या, सगळं चांगलं आहे. पण ते गोळीच्या आणि बोलण्याच्या जोडीला. त्यांच्या जागी नाही. गुरुवार पुन्हा चुकवायचा नाही.

मग ठकीला विचारलं, घरी जेवायला कसं वाटतं? मी मनात तिला उत्तर सुचवत होतो. ती नखं बघत म्हणाली, "जेवण ठीक असतं. पण मी घास घेतला की बाबा माझ्या तोंडाकडे बघतो. बरी झाले का ते. दर घासाला. आणि मी झालेली नसते."

मला बाहेर बसायला सांगितलं.

आत काउन्सेलर बाई, बायको, ठकी. बाहेर मी आणि एक झाड, प्लॅस्टिकचं. पन्नास मिनिटं. ठकी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. काय बोललीस, हे विचारणार तोच बायकोने दंडाला चिमटा काढला. जोरात. गाडीत ठकीने काच खाली केली होती, वारं घेत होती.

३० जून
संध्याकाळी सात. तिघं टेबलाशी. सूप आणि पाव. ठरवलं होतं, तिच्याकडे बघायचं नाही. पण मग बघायचं कुठे? सोळा वर्षं दुसरीकडे बघितलेलंच नाही. मिठाच्या बाटलीकडे बघितलं. बाटलीवरचं सगळं वाचून काढलं. ठकीने किती खाल्लं, माहीत नाही. एकदाच बघितलं, तेही चमच्याकडे.

जेवण झाल्यावर ती आईबरोबर भांडी घेऊन आत गेली. ओट्यापाशी काहीतरी बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. नळ चालू होता, मला शब्द कळेना. जाऊन नळ बंद करावा असं फार वाटलं.

बसून राहिलो.